सड्यावरची रेंज, सड्याखालचं घर

आमचं घर राजापूर तालुक्यात, सड्याच्या पोटाशी आहे. कोकणातली जुनी वस्ती बहुधा अशीच असते. वर उघडा कातळ, खाली वहाळाकाठी माड-पोफळी आणि त्यांच्या आडोशाला घरं. पणजोबांनी पाणी आणि वाऱ्यापासूनचा आसरा बघून जागा धरली. ज्या डोंगराने वादळं अडवली, तोच आता मोबाइलच्या लहरी अडवतो. ओटीवर फोन धरला तर सिग्नल उणे ११८ डीबीएम, विहिरीपाशी उणे १०५ आणि सड्यावर देवळाजवळ उणे ८५. या मोजमापात दर दहा आकड्यांना ताकद दहापटीने बदलते. म्हणजे देवळापाशी पोचणाऱ्या लहरींचा हजारावा हिस्साही आमच्या ओटीवर उतरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडची कॉलेजची मुलं डोंगरावर खोपी बांधून तासाला का बसली, ते या तीन आकड्यांवरून कळेल.

मी पुण्याच्या एका वास्तुविशारदांसाठी नकाशे काढते. आईच्या आजारपणात गावी आले आणि इथेच राहिले. माझ्या कामाची एक फाइल सहज ३०० एमबीची असते. सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला निदान २ एमबीपीएस वेग लागतो. पाठवताना तेवढा वेग मिळाला, तरी ही फाइल जायला वीस मिनिटं हवीत. आमच्या घरात त्याचा दशांशही नव्हता. दोन वर्षं मी देवळाच्या पायरीवर बसून काम पाठवलं, पावसाळ्यात लॅपटॉपवर छत्री धरून.

गेल्या मार्चमध्ये ठरवलं, घरात बिनतारी इंटरनेट आणायचंच. कागदावर आकृती काढली आणि काकांपुढे ठेवली. काकांची चौतीस वर्षं टेलिफोनच्या लाइनवर गेली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी सरकारी टेलिफोन कंपनीतून ७८ हजारांहून जास्त माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आली, त्यांतले ते एक. त्यांनी चष्मा लावून कागद बघितला आणि बाजूला ठेवला.

“बिनतारी नको,” ते म्हणाले. “तार आण.”

“तार आणणार कोण, काका? घरात तांब्याची तार होतीच ना. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली. तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की या भागात आता लाइनमनच नाही.”

“तेच तर सांगतोय. तार वाईट नव्हती, माणूस काढला म्हणून ती मेली. आता तू लहरी आणशील. त्या नादुरुस्त झाल्या की कोण येणार? अगो, मी नव्वदच्या दशकात डोंगरातल्या गावांना रेडिओवरचे सार्वजनिक फोन लावताना पाहिलेत. एम.ए.आर.आर. म्हणायचे त्याला. वर सौर पट्टी, खाली बॅटरी, भिंतीवर फोन. उद्घाटनाला नारळ फुटायचा. बॅटरी बसली की फोन मुका. देशभर तीच कथा झाली. शेवटी हजारो गावांतली ती यंत्रं बदलावी लागली.”

“बदलून काय लावलं?”

काका थोडे थांबले. “पुन्हा बिनतारीच. पण चांगल्या जातीचं.”

मला हे उत्तर महत्त्वाचं वाटलं. आमच्या भूगोलात बिनतारीला पर्याय नाही, हे काकांनाही ठाऊक होतं. त्यांचा राग लहरींवर नव्हताच. यंत्र बसवून माणूस न ठेवणाऱ्या पद्धतीवर होता. तरी मी माझी बाजू सोडली नाही.

“काका, सगळे मार्ग चाचपून झाले. विहिरीपाशी खांबावर अँटेना लावून फोरजीचा राउटर बसवला. पहाटे चार एमबीपीएस मिळतात, संध्याकाळी काहीच नाही, कारण एका टॉवरवर पाच गावं लोंबकळलेली. घरावर डबी लावून देणाऱ्या कंपन्यांकडे पत्ता टाकला, तर सेवा उपलब्ध नाही. उपग्रहाचं बघितलं. जुना उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. हाक मारून ओ यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं, बैठकीत माणसं एकमेकांच्या बोलण्यावर पडतात. ५५० किलोमीटरवरच्या नव्या उपग्रहांना आपल्याकडे २०२५ मध्ये परवाना मिळालाय, पण मला काम आज पाठवायचंय. उरतो एकच मार्ग. बाजारपेठेतल्या केबलवाल्यांकडे फायबर आहे. त्यांच्या गच्चीवरून सडा दिसतो. तिथून देवळापर्यंत साडेतीन किलोमीटर एक उडी आणि देवळापासून आपल्या घरापर्यंत चारशे मीटर दुसरी. दोन जोड्या रेडिओ. पाच गिगाहर्ट्झच्या या पट्ट्याचा मोठा भाग सरकारने २०१८ साली परवानामुक्त केलाय.”

“सडा दिसतो, हे कधी बघितलंस?”

“परवाच.”

“मार्चमध्ये.” काका उठले. “चल.”

आम्ही सड्यावर गेलो. देवळाच्या मागून बाजारपेठेकडे बघितलं तर केबलवाल्यांची पाण्याची टाकी स्पष्ट दिसत होती. मधे एका घळीतून वर आलेले साग आणि ऐन निष्पर्ण उभे होते.

“आता ही नुसती काटकं आहेत,” काका म्हणाले. “जूनमध्ये सागाचं पान केवढं होतं? सुपाएवढं. ते पावसाने भिजलं की तुझ्या लहरी पिऊन टाकील.”

“पावसाने पाच गिगाहर्ट्झला फारसं काही होत नाही, काका. दहाच्या वरच्या लहरींना होतं.”

“पावसाने नाही गो, पानाने. धार वेगळी आणि भिजलेलं पान वेगळं.”

ते बरोबर होतं. मी केलेल्या हिशेबात झाडं धरलीच नव्हती. शिवाय लहरी ओळंब्याच्या दोरीसारख्या बारीक जात नाहीत. दोन टोकांना निमुळत्या आणि मधे फुगीर, मृदंगासारख्या जातात. या पट्ट्याला फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. साडेतीन किलोमीटरच्या उडीला मध्यावर त्याची त्रिज्या साधारण साडेसहा मीटर भरते आणि त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा लागतो. डोळ्यांना टाकी दिसत होती, पण मृदंगाचं पोट सागाच्या शेंड्यांत रुतलेलं होतं. त्याच दिवशी खांब लावला असता तर मार्च-एप्रिल-मे उत्तम चाललं असतं, आणि पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी, पालवी फुटल्यावर, सगळं बंद पडलं असतं. मग गावभर झालं असतं की पावसात वायफाय चालत नाही.

आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या खेड्यांत हीच अडचण वेगळ्या बाजूने सोडवून पाहिली होती. दूरदर्शनच्या वापरात नसलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरी त्यांनी वापरल्या. त्या लांब पल्ल्याच्या, झाडोऱ्याला सहज न अडणाऱ्या. हे मी काकांना सांगितलं.

“मग तेच लावूया.”

“तो पट्टा प्रयोगापुरताच मिळाला होता, काका. सामान्य माणसाला तो वापरता येत नाही.”

“म्हणजे पानातून जाणारी लहर सरकारजवळ आणि पानाला अडणारी आपल्याजवळ.” हे बोलताना काका हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

खांबाची जागा मग तीस पावलं सरकवली आणि उंची वाढवली. पुढचा प्रश्न विजेचा. मी सौर पट्टी धरली होती. काकांनी पाटीवर मांडावं तसं तोंडी मांडलं. दोन रेडिओ, आठ-आठ वॉटचे. दिवसाला जवळजवळ चारशे वॉट-तास. शंभर अँपिअर-तासांची बारा व्होल्टची शिशाची बॅटरी बाराशे वॉट-तासांची, पण निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे दीड दिवस. “आणि आषाढात आमच्याकडे सूर्य सलग किती दिवस तोंड दाखवत नाही, ते तुला सांगायला नको.” एम.ए.आर.आर.चे फोन कशाने गेले, ते मला तेव्हा खरं समजलं.

वीज देवळातूनच घ्यावी लागणार होती. विजेमागोमाग आकाशातली वीज आली. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात सड्यावर कडकडाट होतो तेव्हा उंच लोखंडी खांबासारखी सोपी वाट दुसरी नसते. काकांनी एक्सचेंजमधल्या लाइटनिंग अरेस्टरच्या गोष्टी सांगितल्या. एका रात्रीत पन्नास फोन कसे मुके व्हायचे आणि सकाळी एकेक नळी बदलत कसं बसावं लागायचं. अर्थिंगसाठी त्यांनी देवळाच्या वरचा कातळ साफ नाकारला. कोरडा जांभा उन्हाळ्यात वीज जमिनीत जाऊ देत नाही. खड्डा खाली, जिथे मातीला बारमाही ओल आहे तिथे घेतला. तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ, आणि वरपर्यंत जाड पट्टी. नवीन रेडिओ बसवणाऱ्या मुलाला हे सगळं जास्तीचं वाटत होतं. मला वाटत नाही. पुस्तकात एका ओळीत उरकलेलं अर्थिंग कोकणातल्या सड्यावर निम्मं काम असतं.

इथवर आमचा वाद यंत्राचा होता. देवळापाशी तो माणसांचा झाला.

“देऊळ गावाचं, वीज गावाची, आणि इंटरनेट तुझ्या एकटीच्या घरात. हे मला पटत नाही,” काका म्हणाले.

“काका, पैसे मी घालतेय. चाळीस हजारांच्या घरात खर्च आहे. वाडीला विचारत बसले तर बैठकांत वर्ष जाईल. मी आधी लावते, चालतं हे दिसलं की बाकीचे जोडले जातील.”

“आधी लावलंस की ते तुझं होतं. मग बाकीचे जोडले जात नाहीत, मागायला येतात. यातला फरक तुला कळत नाही असं नाही. आमच्या वेळी गावात एकच फोन असायचा, खोताच्या नाहीतर दुकानदाराच्या घरी. निरोप घ्यायला माणसं अंगणात उभी राहायची. मुलीचा मुंबईहून फोन आलेला असायचा आणि बोलताना सगळं घर ऐकत असायचं. मी ते अंगण बघितलंय. म्हणून घराघरांत फोन लावताना मला आनंद व्हायचा.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक अडचण मात्र होती, ती मी मांडली. “इंटरनेट घेऊन दुसऱ्याला विकायला परवाना लागतो.”

“परवाना केबलवाल्याकडे आहे ना? वाडीतल्या चौदा घरांना चौदा कनेक्शनं त्यानेच द्यावीत. तू फक्त वाट दे. आणि शाळेत, देवळात?”

त्यालाही मार्ग निघतो. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही आपल्या जागेतून सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, आणि त्याला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. एस.टी.डी. बूथची कल्पनाच नव्या अंगरख्यात. काकांना ती एका वाक्यात समजली. माझ्या ओळखीच्या शिकलेल्या लोकांना अजून समजावून सांगावी लागते.

गावकर आणि मानकऱ्यांची बैठक सभामंडपात झाली. विरोध झाला, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. काकीनेच सुरुवात केली. “रेंज नव्हती म्हणून पोरं अजून वहाळात पोहतात. ती आली की पोरं घरात असून नसल्यासारखी होतील. मग काय कराल?”

मी त्यांना सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगितली. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. मला बंदीपेक्षा भोंगा जास्त पटतो. काकी म्हणाली, “मग आमचाही भोंगा लावा.” काका लगेच म्हणाले, “रेडिओ देवळावर, त्याची कळ देवळात. गावाने ठरवलं तर गाव बंद करील. एकटीच्या घरात असता तर कुणी कुणाला सांगितलं असतं?” माझा हट्ट इथे सुटला. सामाईक करण्यात मला उशीर दिसत होता, काकांना त्यात लगाम दिसत होता.

देवळाला वेगळा मीटर बसला. दर घरी महिन्याला पन्नास रुपये वर्गणी ठरली, फक्त वीज आणि दुरुस्तीसाठी. वाडीतल्या दोन पोरांना काकांनी शिकवलं: बाहेरची केबल सैल का सोडायची, ती माकडांनी ओढू नये म्हणून पाइपातून कशी न्यायची, पाणी तारेवरून आत झिरपू नये म्हणून खाली झोळ कसा द्यायचा, आणि रेडिओ बंद दिसला तर सगळ्यात आधी काय बघायचं. सगळ्यात आधी बघायचा तो प्लग. चौतीस वर्षांच्या अनुभवातून आलेली ही पहिली सूचना आहे आणि दहातल्या चार वेळा तीच पुरते.

मे महिन्याच्या शेवटी खालच्या घरात वेग आला, चाळीस एमबीपीएस. माझी ३०० एमबीची फाइल एका मिनिटात गेली. शेजारच्या काजूवाल्या भावोजींनी ई-पीक पाहणीचे फोटो ओटीवरून चढवले. अंगणवाडीच्या ताई महिन्याची माहिती भरायला दर वेळी सडा चढायच्या. त्यांचा तो चढ संपला.

मी खूश होते. काका नव्हते, पूर्ण नव्हते. जूनमध्ये पाऊस लागल्यावर एका संध्याकाळी ते पुन्हा मूळ मुद्द्यावर आले.

“हे चांगलं झालं. पण यामुळे तार मागायचं विसरू नका. लहर वाटून घ्यावी लागते. चौदाची तीस घरं झाली की तुझे चाळीस एमबीपीएस किती उरतील? फायबरला ही अडचण नाही. रस्त्याकडेने जी तार पंचायतीपर्यंत आणायची योजना आहे, ती कुठे आहे?”

ती योजना भारतनेट. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळं म्हणून मंजूर झाली, देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी. पहिल्या आराखड्यात तार बहुतेक ठिकाणी तालुक्यापासून गावागावाला फांदीसारखी जायची. फांदी कुठे तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार कोटींहून जास्त रकमेची मंजुरी मिळाली. त्यात तार कडीच्या आकारात फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने पोचते, आणि दहा वर्षांची देखभाल त्याच खर्चात धरली आहे. देखभालीचं कलम ऐकून काकांनी मान हलवली. बारा वर्षं उशिरा का होईना, कुणाला तरी माणूस आठवला.

मी त्यांना इंग्लंडमधल्या लँकशरच्या शेतकऱ्यांबद्दल सांगितलं. कंपन्या येत नाहीत म्हणून २०११ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, आपापल्या शेतांतून स्वतः चर खणले आणि घराघरांत फायबर नेलं. माझ्या बिनतारी बाजूच्या विरुद्धच होतं हे उदाहरण, पण खरं होतं.

काकांनी अंगणातल्या जांभ्याकडे बघितलं. “आमच्या सड्यावर चर खणायचा तर ब्रेकर लावावा लागेल. मुख्य रस्त्यापर्यंत तार जमिनीतून आणा. वाडीत ती विजेच्या खांबावरून येऊ दे. आणि जिथे खांबही जात नाही, तिथे तुझ्या लहरी.”

वाडीपर्यंत तार यायला किती वर्षं लागतील, यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी म्हणते, तोवर प्रत्येक सड्याखालच्या वाडीने आपली उडी बांधून घ्यावी, थांबू नये. काका म्हणतात, उडी बांधली की पुढारी म्हणतील, तुमच्याकडे तर इंटरनेट आहे, आता तार कशाला. त्यांची भीती मला खरी वाटते. तरीही पुढचा पावसाळा कुणाच्याही मुलीने छत्री धरून देवळाच्या पायरीवर काढावा, असं मला वाटत नाही. पहिली उडी बांधायलाच हवी, हे मी ठामपणे म्हणते. पण खांब उभा करण्याआधी तो सांभाळणारी दोन माणसं ठरवा, आणि झाडांना पानं असताना समोर बघा.

आणि येत्या ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांतली जी आधी येईल ती. तिथे तीन प्रश्न विचारा: आपल्या पंचायतीपर्यंत फायबर आला आहे का, त्याच्या पेटीला चोवीस तास वीज आहे का, आणि तो तुटला तर जोडायला कोण येणार. तिन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.